स्वभावाची आणेवारी

नांदेडच्या तीन दिवसांच्या शिबिराहून विरूपाक्ष मास्तर उदगीरला परतले ते एसटीच्या टपावर बॅग आणि खिशात तक्ता घेऊन. बॅग मुखेडच्या स्टँडवर दुसऱ्याच कुणीतरी उतरवून घेतली. तक्ता मात्र घरापर्यंत सुखरूप आला. पुढे जे घडलं ते पाहता हे उलट झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या पत्नीचं, महानंदाबाईंचं, मत आहे. आता ते मास्तरांचंही आहे.

शिबिर प्रौढ शिक्षणाचं होतं. तिथे एका पाहुण्या प्राध्यापकांनी फळ्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून सांगितलं की माणसांचे स्वभाव चार: उत्साही, विचारी, शांत आणि तापट. शिकण्याच्या रीतीही चार: बोलून, पाहून, ऐकून आणि करून. उत्साही माणूस बोलून शिकतो, विचारी पाहून, शांत ऐकून आणि तापट करून. स्वभाव एकदा ओळखला की रीत आपोआप सापडते. रीत सापडली की अक्षरं आपल्या पायांनी चालत येतात. इतर मास्तर लोक त्या वेळी जेवणाच्या घंटेकडे कान लावून बसले होते. विरूपाक्ष मास्तरांनी मात्र तक्ता उतरवून घेतला, खाली दुहेरी रेघ मारली आणि त्यांना बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली.

त्याला कारण होतं. दुष्काळामुळे शाळा सकाळची झाली होती आणि दुपारी मास्तर शाळेच्याच मोठ्या खोलीत बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत. चौदा बायका होत्या. आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत वर्ग 'कमळ' या शब्दापाशी येऊन थांबला होता, आणि तोही चित्राच्या जिवावर. चित्रावर बोट ठेवलं की वाचता यायचं. बोटानं चित्र झाकलं की कमळ कोमेजायचं. मास्तर रोज घरी येऊन पाण्याच्या रिकाम्या रांजणाकडे बघत बसायचे आणि आपल्याला शिकवता येत नाही की काय, अशी शंका मनात यायची. तक्त्यानं ती शंका काढून टाकली. दोष आपला नव्हता, रीतीचा होता. आपला दोष नाही असं कळल्यावर माणसाला जो हुरूप येतो, त्याच्याइतकी धोक्याची गोष्ट जगात दुसरी नाही.

शेजारी किशनराव राहत. निजामाच्या अमदानीत त्यांनी कचेरीत पेशकार म्हणून काही वर्षं काढली होती आणि त्या अनुभवावर ते आजवर सल्ले देत. त्यांनी कट्ट्यावर बसून सगळा तक्ता ऐकून घेतला.

"समजलं," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही बायांची आणेवारी करून राहिले."

"आणेवारी पिकाची असते, किशनराव. हे शास्त्र आहे."

"तेच सांगतो. आणेवारीवाला येतो, बांधावर उभा राहतो, धोतराला चिखल लागू देत नाही आणि लिहितो, पीक आठ आणे. शेतात दोन आण्याचंबी नसतं. पण कागदावर आठ आणे पडलं की गाव दुष्काळी न्हाई. मग लोकांनी तहान लागली म्हणून सांगितलं तरी कुणी ऐकत न्हाई, कागद बघतेत. हरकत न्हाई, करा तुम्ही. फक्त बांधावरून करू नका."

मास्तरांना हा सल्ला अपमानकारक वाटला. त्यांनी बांधावर उभं राहायचं नाही असं ठरवलं आणि वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकेकीला टेबलापाशी बोलावून प्रश्न विचारणं सुरू झालं. पहिल्या आल्या साखराबाई. बाजारात चुरमुरे-फुटाणे विकणाऱ्या, आवाज असा की गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडून यायचं.

"तुम्हाला राग आला तर तुम्ही काय करता?" मास्तरांनी विचारलं.

"कुनाचा आला ते सांगा आधी."

"कुणाचाही."

"असा कुनाचाबी राग कसा येईल? जावेचा येगळा, पोलिसाचा येगळा. पोलिसाचा आला तर मी हसते."

मास्तरांनी 'उत्साही' असं लिहिलं. सातवा प्रश्न होता, 'हातून पाणी सांडलं तर तुम्ही घाबरता, हसता, की दुसऱ्याला बोल लावता?' या प्रश्नाला सगळ्या वर्गानं एकच उत्तर दिलं: पाणी सांडू देतच नाही. प्राध्यापकांच्या गावाला नळ असावा.

शांतम्मा आणि कमलम्मा या सासूसुना शेजारी शेजारी बसत. उत्तरांची बेरीज करून मास्तरांनी सुनेला 'विचारी' ठरवलं, सासूला 'तापट', आणि दोघींना खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसवलं. शांतम्मांनी ते ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एन री मास्तर, सून इचारी आन मी तापट? वीस वरसं घरचं सगळं मी बगितलं म्हनून तिला इचार करायला येळ घावला. मी बी बसून राहिले असते तर मी बी इचारी झाले असते."

संध्याकाळी शांतम्मांचा मुलगा माणिकप्पा मास्तरांच्या दारात आला. त्याचं कापडाचं दुकान होतं आणि माणूस अतिशय मवाळ होता. "शरणु, मास्तर," त्यानं हात जोडले. "घरात दुपारपासून दोघीत बोलणं न्हाई. आईनं भाकरी येगळी थापली. तुमच्या शास्त्राला धक्का न लागता कायतरी होतंय का बगा." मास्तरांनी अर्धा तास समजूत घातली, शास्त्र माणूस बघत नाही असं सांगितलं आणि शेवटी 'तापट' खोडून 'शांत, नावाप्रमाणे' असं लिहिलं. शास्त्रात झालेली ही पहिली तडजोड.

मग शिकवणं सुरू झालं. उत्साही गट बोलून शिकायचा होता. साखराबाईंनी दोन आठवड्यांत सगळं पुस्तक तोंडपाठ केलं आणि त्या ते उलटं धरूनही खडाखडा वाचू लागल्या. विचारी गटाला बघत बसायचं होतं. त्या एकमेकींच्या पाटल्या बघत बसल्या. शांत गटानं डोळे मिटून ऐकायचं होतं. पहाटेपासून पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बायका. त्यांनी डोळे मिटले आणि मास्तर 'ग गवताचा' पर्यंत पोचायच्या आत शांतम्मा घोरू लागल्या. या गटाची हजेरी फार सुधारली. दुसऱ्या गटांतल्या तिघीजणी मास्तरांना भेटून, आमचा स्वभाव अलीकडे शांत होत चाललाय, असं सांगून गेल्या.

खरी अडचण तापट गटाची झाली. त्यांना हातानं करून शिकवायचं होतं. प्राध्यापकांनी मातीची अक्षरं करायला सांगितली होती, पण माती भिजवायला पाणी लागतं. मास्तरांनी यावर तोडगा काढला. घरातून पायलीभर ज्वारी आणली आणि जमिनीवर दाण्यांची अक्षरं मांडायला सांगितली. महानंदाबाईंना विचारलं नव्हतं.

बायका दाण्यांकडे बघत राहिल्या. कुणी हात लावेना. मग मास्तरांनी स्वतः गुडघे टेकून एक मोठा सुबक 'अ' मांडला, त्याच्यापुढे 'आ' मांडला आणि उठून लांबून बघायला मागे सरकले. तेवढ्यात दारातून एक शेळी आत आली. यंदा शेळ्यांनाही हिरवं दिसलं नव्हतं. तिनं 'अ' पासून सुरुवात केली.

एरवी या वर्गाला हसायला एवढंही लागायचं नाही. पण कुणी हसलं नाही. दारापाशी बसणाऱ्या केवळाबाई उठल्या, त्यांनी शेळी हाकलली, खाली बसून सगळे दाणे एकेक करून वेचले, फुंकर मारून माती उडवली आणि पदराच्या ओंजळीत मास्तरांपुढे धरले.

"घरला न्या मास्तर," त्या म्हणाल्या. "मान्साच्या खायचं हाय."

मास्तरांना लाज वाटली. चौदा बायकांसमोर, दुष्काळात, जमिनीवर धान्य पसरून आपण गुडघ्यावर बसलो होतो हे त्यांना एकदम बाहेरून दिसलं. पण मास्तरांचा असा स्वभाव होता की लाज वाटली की त्यांना पाठोपाठ राग यायचा, आणि ज्याच्यामुळे लाज वाटली त्याचाच यायचा. हा स्वभाव चारांपैकी कोणत्या रकान्यात बसतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. प्रश्नावली त्यांनी स्वतःला लावलीच नव्हती.

केवळाबाईंबद्दल त्यांच्या मनात आधीपासूनच अढी होती. बाई पन्नाशीच्या, विधवा, अंगानं काटक. आठ महिन्यांत वर्गात दहा वाक्यं बोलल्या नसतील. प्रश्नावलीच्या वीसच्या वीस प्रश्नांना त्यांनी "काय की" एवढंच उत्तर दिलं होतं. कोणत्या गटात बसायचं हे ठरेना, म्हणून त्या दारातच बसत आणि सारख्या रस्त्याकडे बघत. चार गट, चौदा बायका, आणि तेरांचाच हिशेब लागत होता. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मास्तरांनी नोंदवही उघडली आणि निळ्या शाईनं, ज्या वळणदार अक्षराबद्दल त्यांना शाळेत बक्षीस मिळालं होतं त्या अक्षरात लिहिलं:

'केवळाबाई ग्यानोबा. स्वभाव आढळला नाही. लक्ष वर्गात नसून बाहेर असते. बुद्धी मंद. शिकण्याची आशा नाही. नाव कमी करावे.'

लिहून झाल्यावर टीपकागद दाबला. राग उतरला.

आता या प्रयोगाचा अहवाल वर जायला हवा होता. 'वर' म्हणजे कुठे, हा त्या काळात तालुक्याला पडलेला मोठा प्रश्न होता. लातूर जिल्हा होऊन दीड वर्ष झालं होतं, पण सवय जुन्या जिल्ह्याची होती. मास्तरांचा पहिला अहवाल सवयीनं जुन्या जिल्ह्याच्या गावी गेला आणि 'सदर तालुका आता आमचेकडे नाही' या शेऱ्यासह परत आला. लेकीला सासरी पाठवल्यावर माहेरच्यांनी हात झटकावेत तसा तो शेरा होता. दुसऱ्यांदा लातूरला पाठवला. तिथून उत्तर आलं की अहवाल विहित नमुन्यात नाही. विहित नमुना मागितला. तो नव्या जिल्ह्याच्या नावानं अजून छापून आलेला नव्हता, तेव्हा जुना नमुना वापरून जुन्या जिल्ह्याचं नाव स्वच्छ खोडावं, असं कळवण्यात आलं. मास्तरांनी चौदा नमुन्यांवर चौदा वेळा उस्मानाबाद खोडून चौदा वेळा लातूर लिहिलं. चारी गटांची प्रगती 'समाधानकारक' अशी भरली. केवळाबाईंच्या रकान्यात 'नाव कमी करण्याची शिफारस' असं लिहिलं.

आणि ज्याची मास्तरांनी अपेक्षाही केली नव्हती ते झालं. ऑफिसातल्या एका साहेबांना तक्ता फार आवडला. नवा जिल्हा होता, नवं काहीतरी दाखवायला हवं होतं. येत्या बुधवारी वर्गाची पाहणी करायला येतो, असं त्यांचं पत्र आलं.

मंगळवारी मास्तरांनी खोली झाडून घेतली, चार कोपऱ्यांत चार रंगांचे कागद लावले आणि केवळाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या नाही आलात तरी चालेल."

"का?"

"साहेब येणार आहेत. तुमची गैरसोय नको."

"माजी कायबी गैरसोय न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "मी येते."

बुधवारी साहेब जीपमधून उतरले. तरुण होते, अंगात सफारी, आणि खरोखरच उत्साही. मास्तरांनी त्यांना मनातल्या मनात पहिल्या रकान्यात बसवलं. किशनरावही काही काम नसताना येऊन मागच्या बाकावर बसले होते. मास्तरांनी छडीनं तक्ता समजावून सांगितला आणि उत्साही गटाच्या साखराबाईंना वाचायला उभं केलं. साखराबाईंनी धडा घेतला आणि दम न खाता शेवटपर्यंत गेल्या. साहेब मान डोलवत जवळ आले. मग त्यांनी अलगद साखराबाईंच्या हातातलं पुस्तक सुलट केलं.

साखराबाई थांबल्या. "आता कुटं हुते मी?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी घाईघाईनं विचारी गटाच्या कमलम्माला पुढे केलं. कमलम्मानं पुस्तकाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, सासूकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. शांत गटात सगळं शांत होतं.

"मास्तर, पुस्तक यांना पाठ झालंय," साहेब म्हणाले. रागानं नाही, हिरमुसून म्हणाले. "कधी न पाहिलेलं काहीतरी वाचायला हवं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरची नोंदवही उचलली. "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं. छापल्यासारखं. हे बघा, हे कुणीतरी वाचा." आणि मधलंच एक पान उघडून त्यांनी ती बायकांपुढे धरली.

मास्तर पुढे झाले. "साहेब, ते कार्यालयीन आहे."

"उत्तमच. कार्यालयीन कागद वाचता आला म्हणजेच साक्षर."

दारातून केवळाबाई पुढे आल्या. नोंदवही हातात घेतली, उजेडाकडे वळवली आणि बोट ठेवलं.

"के. व. ळा. बा. ई," त्या म्हणाल्या आणि थोड्या हसल्या. "केवळाबाई. माजंच नाव हाय."

मास्तरांनी पान ओळखलं.

"पुढे," साहेब म्हणाले.

"ग्या-नो-बा. स्व-भा-व. आ-ढ-ळ-ला ना-ही." केवळाबाई हळू वाचत होत्या, एकेका अक्षरावर बोट रोवून, विहिरीत पायऱ्या उतरावं तसं. त्यांचं सगळं बळ अक्षरं लावण्यात जात होतं. अर्थ मागून, रांगत येत होता. खोलीतल्या बाकी सगळ्यांपाशी तो आधी पोचत होता. साखराबाईंनी तोंडावर पदर धरला. किशनरावांनी मान खाली घातली. मास्तरांना वाटलं पुढे होऊन वही ओढून घ्यावी, पण साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं.

"बु-द्धी..." जोडाक्षरावर त्या अडखळल्या. मागे आल्या, पुन्हा गेल्या. "बुद्धी. मं-द. शि-क-ण्या-ची आ-शा ना-ही."

त्या थांबल्या आणि मास्तरांकडे वळल्या.

"आशा?" त्यांनी विचारलं. "आपल्या वर्गात आशा कोन हाय?"

केवळाबाईंनी पुन्हा वहीत पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. त्या दुसऱ्यांदा, मनात, पहिल्यापासून वाचत होत्या. खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं की त्या कुठल्या शब्दावर आहेत. मग त्यांनी वही मिटली, टेबलावर नीट सरळ ठेवली आणि दारातल्या आपल्या जागेवर जाऊन रस्त्याकडे बघत बसल्या.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा, मास्तर," ते म्हणाले. "ही तर तुमच्या पद्धतीची कमाल. जिच्याबद्दल तुम्ही सगळ्यात कडक शेरा मारला, तीच वाचती झाली. मुद्दामच मारला होतात ना? जिद्द जागवायला?"

हा क्षण मास्तरांना आजही जेवताना, आंघोळ करताना, फळ्यावर लिहिताना आठवतो. एक शब्द बोलायचा होता. 'नाही' एवढाच. त्यांनी मान हलवली, आणि ती उभी हलली.

साहेबांनी भेट-पुस्तिकेत दीड पान कौतुक लिहिलं. लातूरला होणाऱ्या बैठकीत हा तक्ता मांडायचा, नोंदवही नमुन्यादाखल ऑफिसला पाठवायची, असं सांगून जीप गेली. बायका एकेक करून उठल्या. जाताना शांतम्मा टेबलापाशी थांबल्या. "माजं बी वाचता आलं असतं तर बरं हुतं," त्या म्हणाल्या. "काय लिवलंय कुनाला ठाव." किशनराव काही न बोलता निघून गेले, आणि हे त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदाच केलं.

घरी महानंदाबाईंना सगळं आधीच कळलं होतं. उदगीरला पाणी उशिरा पोचतं, बातमी नाही.

"तिला वाचायला कुणी शिकवलं?" मास्तरांनी विचारलं.

"टँकरनं."

मास्तरांना ही चेष्टा वाटली.

"रांगेत तीन-तीन तास उभं राहायचं म्हणल्यावर माणूस बघणार काय?" महानंदाबाई भांडी आवरत म्हणाल्या. "टँकरच बघणार. त्याच्यावर लिहिलेलं असतंय. पिण्याचे पाणी. अंतर ठेवा. आधी उस्मानाबाद होतं, मग त्याच्यावर रंग देऊन लातूर लिहिलं, ते खालचं अजून दिसतंय. तिनं एक दिवस मला विचारलं, हे कोनतं, ते कोनतं. मी सांगितलं. रोज एकेक विचारायची. टँकर संपल्यावर दुकानांच्या पाट्या झाल्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे वीस प्रश्न होते. त्याच्यात हा नव्हता." त्या थांबल्या. "आणि ती दारात बसती, रस्त्याकडे बघती, ते कशासाठी वाटलं तुम्हाला? टँकर वळणावर दिसला की ती उठून सगळ्यांना सांगती. सगळ्या बायकांच्या घागरी तीच पुढं लावती. आपली पण."

मास्तरांनी कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाहिलं. तो अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर ते नोंदवही काखेत मारून केवळाबाईंच्या घरी गेले. किल्ल्याच्या वाटेवर एका खणाची पत्र्याची खोली. बाई दारात वाकळ शिवत होत्या. त्यांनी पोतं झटकून टाकलं. मास्तर बसले. वाटेत त्यांनी चांगलं दहा-बारा वाक्यांचं भाषण जुळवलं होतं. त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा होता. बसल्यावर त्यातलं काही तोंडातून निघेना.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "शेळीच्या दिवशी मला तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून मी ते रागानं लिहिलं. आणि काल साहेबांनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. मान हलवली."

"मी बगितली," केवळाबाई म्हणाल्या.

त्यांनी सुईत दोरा ओवला. ओवून झाल्यावर बोलल्या.

"मास्तर, तुमी लिवलं ते मला नवं न्हाई. माय म्हनायची, सासू म्हनायची, मालक तर रोजच म्हनायचा. पन तोंडानं म्हनलेलं मागं फिरून बगता येत न्हाई, खरं हाय का खोटं. कानात जातं आन तितंच ऱ्हातं. तुमचं बगता आलं. दोनदा बगितलं. पैल्यांदा वाटलं, बरोबर लिवलंय. दुसऱ्या बारीला वाटलं, हे मी वाचून ऱ्हायले, तर मग हे चुकीचं हाय."

मास्तर खाली बघत होते. पोत्यावर साखर कारखान्याचं नाव छापलेलं होतं.

"मी खोडतो ते," ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "तुमच्यासमोर खोडतो. वर लिहितो, चूक झाली."

"खोडू नगा. ते पान मला द्या."

"द्या म्हणजे?"

"फाडून द्या. टँकरवर चार अक्षरं असत्यात. हे पान भरून हाय, आन माज्यावर हाय. मी वाचलेलं पैलं पान हाय ते."

मास्तरांनी त्यांना समजावून सांगितलं की ही सरकारी नोंदवही आहे, प्रत्येक पानावर आकडा छापलेला आहे, पान कमी झालं तर खुलासा द्यावा लागतो, नोकरीत डाग लागतो. केवळाबाई सगळं ऐकून घेत होत्या. "हाव, हाव," म्हणत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

बावीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी सरकारी कागदाचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. त्यांनी पट्टी नसल्यामुळे बोटांनीच घडी दाबली आणि पान क्रमांक चौदा फाडलं. त्याचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला.

लातूरच्या बैठकीला मास्तर गेले नाहीत. नोंदवही मात्र गेली, आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं: पान क्रमांक चौदा आढळून येत नाही, त्याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. किशनराव मदतीला आले. त्यांनी पाच प्रकारचे खुलासे सुचवले. त्यांत वाळवी होती, उंदीर होता आणि एक तर थेट वादळ होतं. मास्तरांनी पाचही ऐकून घेतले आणि मग आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'पान क्रमांक चौदावरील शेरा चुकीचा होता. तो चुकीचा असल्याचे सदर विद्यार्थिनीने मा. साहेबांसमक्ष स्वतः वाचून दाखविले. तिच्या शिकण्यात माझ्या तक्त्याचा अथवा माझा काहीही वाटा नाही. त्या वेळी साहेबांनी विचारले असता मी मान हलविली, ती चुकीची हलविली. सदर पान विद्यार्थिनीने वाचण्यासाठी घरी नेले आहे.'

पत्र पेटीत टाकल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. निलंबन होईल असं किशनरावांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. पण ऑफिसात बहुधा पत्र शेवटच्या ओळीपासून वाचायची रीत असावी. महिन्याभरानं उत्तर आलं: 'खुलासा वाचला. वाचून झाल्यावर पान विद्यार्थिनीकडून परत घेऊन नोंदवहीस चिकटवावे व तसा अहवाल सादर करावा.'

मास्तर दोनदा किल्ल्याच्या वाटेनं केवळाबाईंच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा दार उघडं होतं आणि आतून आवाज येत होता. बाईंभोवती शांतम्मा, साखराबाई आणि आणखी दोघीतिघी बसल्या होत्या, मध्ये ते पान होतं, आणि 'बुद्धी' मधल्या जोडाक्षरावरून त्यांचं जोरात भांडण चाललं होतं. मास्तर दारात थोडा वेळ उभे राहिले. आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही, आणि आत जायचं धाडस त्यांना झालं नाही.

घरी येऊन त्यांनी अहवाल लिहिला: 'वाचन अद्याप चालू आहे.'